सिनेमातली जुनी बंदूक ओळखायची तर आधी शिपायाचे हात बघा

ग्वाल्हेरच्या माणसाला बंदूक नवीन नाही. बँकेच्या दारात गार्ड दुनाली घेऊन बसलेला असतो, भिंड-मुरैनाकडे जाणारी बस पकडली की खांद्याला रायफल अडकवलेला एखादा माणूस भेटतोच, आणि आमच्याकडे बोल्टवाली कुठलीही रायफल दिसली की लोक सरळ "माउजर" म्हणून मोकळे होतात. पण घरी सगळे मिळून १८५७ वरचा पिक्चर बघत बसलो आणि कोणी विचारलं की या शिपायाच्या हातात नेमकं काय आहे, तर उत्तर एकच येतं, "थ्री नॉट थ्री असेल."

मागच्या जूनमधे माझा भाचा फुलबागेतल्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी भरतो तो बलिदान मेळा बघून आला, रात्री टीव्हीवर असाच एक पिक्चर लागला होता आणि त्याने विचारलं, "मामा, राणी लढली तेव्हा खरंच अशाच बंदुका होत्या का?" स्क्रीनवर शिपाई बोल्ट मागेपुढे करत धडाधड गोळ्या झाडत होता. .३०३ चं काडतूस आणि त्याची रायफल ब्रिटिश फौजेत आली १८८८ मधे, म्हणजे राणी गेल्यावर ३० वर्षांनी. तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघं पिक्चर थांबवत थांबवत बघतो, आणि त्याला जसं शिकवलं तसंच इथे लिहितोय, ज्यांना यातलं अगदी काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी.

पायरी १ : साल पकडा

पिक्चर कुठल्या साली घडतोय हे कागदावर लिहा. नुसतं "इंग्रजांच्या काळातला" चालणार नाही, कारण इंग्रजांचा काळ म्हणजे प्लासीपासून १९४७ पर्यंत जवळजवळ १९० वर्षं, आणि तेवढ्यात बंदूक चार-पाच वेळा मुळापासून बदलली. क्रम डोक्यात पक्का बसवा (एकेकीची ओळख पुढच्या पायऱ्यांत येईल), आधी तोडेदार, मग चकमकीची, मग टोपीची, मग मागून भरायची एकेक गोळीवाली, मग बोल्टची मॅगझिनवाली, आणि शेवटी आपोआप भरली जाणारी. नवीन आली म्हणून जुनी लगेच गेली असं मात्र होत नाही. १८५७ मधे एखाद्या गढीवरचा माणूस आजोबांच्या वेळची तोडेदार घेऊन लढताना दाखवला तर ते अगदी बरोबर आहे. उलटं चालत नाही, म्हणजे जी बंदूक अजून बनलेलीच नाही ती कोणाच्या हातात असू शकत नाही. जुनी दिसली तर विचार करा, नवीन दिसली तर पकडा.

पायरी २ : हात बघा

नवीन माणूस सगळ्यात मोठी चूक ही करतो की तो बंदुकीकडेच टक लावून बघतो. सिनेमात बंदूक स्थिर अशी दिसतेच किती वेळ? अर्धा सेकंद, तीही धुळीत. त्यापेक्षा दोन गोळ्यांच्या मधे शिपाई हाताने काय करतोय ते बघा, तिथे बंदूक आपली जात स्वतःच सांगते.

पुढून भरायची बंदूक, जिला आपल्याकडे हिंदीत भरमार म्हणतात, ती असेल तर क्रम असा दिसला पाहिजे. कमरेच्या पाकिटातून कागदी काडतूस काढलं, दाताने टोक फाडलं, बंदूक उभी करून त्यातली दारू नळीच्या तोंडातून आत ओतली, मग गोळी घातली, मग नळीखालचा गज ओढून काढला आणि गोळी खाली ठासली, गज परत जागेवर गेला. टोपीची असेल तर आता दुसऱ्या छोट्या पाकिटातून तांब्याची एवढीशी, आपटली की पेटणारी टोपी काढून ती निपलवर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या छोट्या बोंडावर बसवायची, तिच्यावर आपटणारा घोडा पूर्ण मागे ओढायचा, मग नेम. शिकलेला शिपाई हे सगळं करून मिनिटाला दोन ते तीन गोळ्या मारायचा, जास्त नाही. पिक्चरमधे गज एकदाही बाहेर आला नाही आणि पाचवी गोळी सुटली तर समजा की एडिटरने मधला भाग कापलाय किंवा बंदूकच वेगळी आहे.

दाताने फाडायचं हे वाचून काडतुसांचं प्रकरण आठवलं असेलच. जानेवारी १८५७ मधे कलकत्त्याजवळच्या दमदमला चरबीची बातमी पसरली ती एनफिल्ड या नव्या, पुढून भरायच्या रायफलच्या काडतुसांची, आणि नंतर सरकारने कवायत बदलून कागद हाताने फाडायची सूट दिली होती. गंमत बघा, एनफिल्ड रायफलचं ट्रेनिंग तेव्हा दमदम, अंबाला आणि सियालकोट अशा तीनच ठिकाणी सुरू झालं होतं आणि तिथेही प्रत्येक पलटणीतून थोडे थोडे लोक पाठवलेले. म्हणजे ज्या रायफलीवरून एवढा भडका उडाला ती बहुतेक शिपायांच्या हातात नव्हतीच, ते लढले ते जुन्या गुळगुळीत नळीच्या मस्केटने. पिक्चरमधे दोन्ही बाजूंना एकसारखी एनफिल्ड दिसली की मला फार वाईट वाटतं. मस्केटचा नेम १०० यार्डाच्या पुढे भरवशाचा नव्हता आणि समोरच्या एनफिल्डवर ९०० यार्डापर्यंतचे आकडे कोरलेले होते, आपले लोक कशाच्या समोर उभे राहिले ते त्या एकसारख्या बंदुकांमुळे कळतच नाही.

बाकीच्या जातींचे हात पटकन सांगतो. बंदूक मधूनच उघडून मागून एक काडतूस घातलं तर १८६० च्या पुढचं. चापाखालचा दांडा खाली ओढला आणि वर कुठेही घोडा दिसला नाही तर मार्टिनी-हेन्री, १८७१ ची. उजव्या हाताने मूठ वर-मागे-पुढे-खाली केली तर बोल्ट. आणि हात काहीच करत नाही, नुसता चाप दाबत राहतो, तर सेमी-ऑटोमॅटिक किंवा ऑटोमॅटिक.

पायरी ३ : आता थांबवा आणि चापाच्या वर बघा

व्हिडिओ पाव स्पीडवर टाका आणि बंदुकीची उजवी बाजू दिसेल ती फ्रेम शोधा. उजवीच, कारण दारू पेटवायचं सगळं यंत्र, ज्याला लॉक म्हणतात, ते फौजी बंदुकीत उजवीकडे असतं. ते डावीकडे दिसलं तर चित्र उलटं छापलंय की काय ते बघा, शर्टाची बटणं आणि तलवारीची बाजू बघितली की लगेच कळतं. जुन्या फोटोंत आणि पोस्टरवर ही भानगड बरेचदा सापडते.

तोडेदार असेल तर जळती वात, म्हणजे तोडा, धरणारा वाकडा चिमटा दिसेल आणि दस्ता, म्हणजे बंदुकीचं लाकूड, बारीक, सरळसोट, आजच्या रायफलीसारखा खाली वळलेला नसतो. नळी दस्त्याला तारेने नाहीतर चामड्याच्या पट्टीने आवळलेली असते. शिवाजी महाराजांच्या काळातल्या पायदळाच्या हातात हीच हवी.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी आवळलेली, तिच्यासमोर उभी पोलादी पट्टी, पट्टीखाली रंजक, म्हणजे आधी पेटणारी चिमूटभर दारू, ठेवायची छोटी वाटी. गोळी सुटताना दोन भडके दिसतात, आधी वाटीत चेहऱ्याजवळ, मग क्षणभराने नळीच्या तोंडाशी. कॉम्प्युटरवर टाकलेला जाळ फक्त तोंडाशी असतो, वाटी कोरडी राहते, एकदा लक्षात आलं की मग प्रत्येक पिक्चरमधे दिसायला लागतं. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपियन सेनानीकडून ज्या कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या त्यांच्या हातात चकमकीची बंदूक आणि पुढे संगीन होती, आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईला इंग्रजांसमोर शिंद्यांच्या पलटणी उभ्या होत्या त्याही अशाच. मराठ्यांच्या पिक्चरमधे सगळं तलवार-भाल्यावरच निभावून नेतात, त्यामुळे आपलं पायदळ किती पुढे गेलं होतं हे पोरांना कळत नाही, म्हणून असईचा सीन कधी दिसला तर मी आधी त्या गारगोट्याच शोधतो.

टोपीच्या बंदुकीत वाटी नाही, पट्टी नाही, नळीच्या बुडाशी एक छोटी निपल आणि तिच्यावर आपटणारा हातोडीसारखा जाडसर घोडा. इथे नवीन माणूस फसतो, कारण दुरून चकमकीचा घोडा आणि टोपीचा घोडा सारखेच वाटतात. खूण अशी, घोड्यासमोर काहीतरी उभं दिसलं तर चकमक, समोर मोकळं असेल तर टोपी.

पायरी ४ : नळीवरच्या कड्या मोजा

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. १७९० च्या दशकापासून कंपनीच्या आणि मग खुद्द ब्रिटिश फौजेच्या हातात जी ब्राउन बेस नावाची चकमकीची मस्केट होती तिला इंडिया पॅटर्नच म्हणतात, कारण तो नमुना मुळात ईस्ट इंडिया कंपनीचा. तिची नळी ३९ इंच, भोक पाऊण इंचाचं, आणि ती दस्त्याला आतून खिळ्यांनी बसवलेली, बाहेरून कडी नाही. १८५३ च्या एनफिल्डची नळीही ३९ इंचच पण ती धातूच्या ३ कड्यांनी दस्त्याला आवळलेली, भोक .५७७ इंच, पूर्ण बंदूक ५५ इंच म्हणजे साधारण १४० सेंटीमीटर. साडेपाच फूट उंचीच्या माणसाशेजारी उभी धरली की त्याच्या खांद्याला लागते. कड्या दोनच दिसल्या आणि नळी आखूड वाटली तर ती एनफिल्डचीच आखूड रायफल, आणि घोडेस्वाराकडची आणखी आखूड कार्बाइन, २१ इंच नळीची.

आता नळीच्या मागच्या भागावर, डोळ्याच्या अलीकडे बघा. एनफिल्डवर उभी करता येईल अशी शिडीसारखी, नेम धरायची साइट असते, तिच्यावर यार्डांचे आकडे. आणि बाकी सगळं एनफिल्डसारखंच पण साइटच्या जागी नुसता न हलणारा ठोकळा असेल तर ती १८५८-५९ ची गुळगुळीत नळीची. बंडानंतर हिंदी शिपायांच्या हातात मुद्दाम ही दिली गेली, बाहेरून रायफल, आतून रायफलिंग, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचा, नाही, म्हणजे नेम जवळचाच. १८५७ च्या पिक्चरमधे ती दिसली तर ती एकदोन वर्षं पुढची आहे, पण असली बारीक चूक पकडायला क्लोजअप लागतो आणि दिग्दर्शकाला त्याबद्दल मी कधी दोष देत नाही.

लॉकच्या पट्टीवर क्लोजअप मिळाला तर अजून मजा. मुकुट आणि टॉवर हा शब्द असेल तर सरकारी ब्रिटिश, मागच्या पायांवर उभा सिंह असेल तर कंपनीचा माल. सिंहाच्या आधी, साधारण १८०८ पर्यंत, कंपनी बदामाच्या आकाराचा चार भागांत वाटलेला शिक्का मारायची.

हे सगळं पडद्यावर ओळखायचं तर एकदा तरी खरी वस्तू बघायला हवी. ग्वाल्हेरात असाल तर जयविलास राजवाड्याच्या म्युझियममधे जुनी शस्त्रं मांडलेली आहेत, झुंबरं बघून लगेच बाहेर पडू नका, काचेशी वाकून घोडा, निपल, कड्या, गज एवढं शांतपणे बघा आणि मग घरी येऊन तोच पिक्चर परत लावा. आणि ज्यांच्या घरी खंडेनवमीला पूजेत आजोबांची भरमार ठेवतात त्यांना हात जोडून एक विनंती, त्या नळीत डोळा घालून बघू नका आणि घोडा उगाच ओढू नका. पुढून भरायची बंदूक आत भरलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही आणि कोणीतरी ५० वर्षांपूर्वी भरून विसरलेला असू शकतो.

पायरी ५ : धूर

शोरा, गंधक आणि कोळशाची दारू जळली की पांढरा दाट धूर होतो, दिवाळीत भुईनळा संपल्यावर अंगणात जसा लोंबकळतो तसाच. दोनचार फैरींनंतर समोरचं दिसेनासं व्हायला पाहिजे. बिनधुराची दारू फ्रेंचांनी १८८० च्या दशकात काढली, म्हणून त्याआधीच्या लढाईत स्वच्छ हवा आणि चमकती नळी दिसली तर ती दारू नाही, जाळ नंतर कॉम्प्युटरवर चिकटवलाय. आवाजावर मात्र अजिबात जाऊ नका. डबिंगवाले पुढून भरायच्या बंदुकीला बोल्टचा खटका लावतात, पिस्तुलाला तोफेचा दणका लावतात, आवाज हा पुरावा धरूच नका.

पायरी ६ : पिस्तूल

पिक्चरमधे राणीच्या किंवा साहेबाच्या हातात पिस्तूल देतातच. १८५७-५८ साठी दोन रिव्हॉल्व्हर चालतात. अमेरिकन कोल्ट १८५१ ची, आठ कोनी लांब नळी, आणि चक्राच्या वर लोखंडाची पट्टीच नाही, उघडं. दुसरी इंग्लिश ॲडम्स, तिची फ्रेम चक्राच्या वरून सलग जाते, आणि जुन्या ॲडम्सला अंगठ्याने ओढायची शेपटीच नाही, नुसता चाप ओढायचा. आणि ज्याच्याकडे रिव्हॉल्व्हर नाही त्याच्याकडे एका गोळीचं घोडेस्वारी पिस्तूल. मधून मोडून पुढे वाकणारी वेबली दिसली की ती चूक, कितीही रुबाबदार वाटली तरी, कारण ब्रिटिश फौजेत ती आली १८८७ मधे.

पायरी ७ : विसाव्या शतकातले पिक्चर

इथे मी भरभर जातो कारण खुणा सोप्या आहेत. पहिल्या महायुद्धातल्या आपल्या शिपायाकडे आखूड ली-एनफिल्ड, १९०७ च्या मार्क ३ ची, तिचं नाक चपटं असतं, नळी लाकडाबाहेर डोकावत नाही, मॅगझिन १० गोळ्यांचं. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ मधे नळीचं टोक बाहेर आलेलं आणि मागची साइट डोळ्याजवळ सरकलेली. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसत आली ती याच घराण्याची, आणि आपल्या भागात लायसनवर मिळणारी .३१५ सुद्धा याच ॲक्शनवर बनलेली, त्यामुळे ग्वाल्हेरकराला हे घराणं लवकर ओळखता येतं.

बर्मा फ्रंटवरच्या पिक्चरमधे एकच सापळा आहे. वर वाकडं मॅगझिन दिसलं की सगळे तिला ब्रेन, म्हणजे इंग्रजांची हलकी मशीनगन म्हणतात. ब्रेनचं मॅगझिन वाकडं कारण .३०३ च्या काडतुसाच्या बुडाला कड असते आणि ती सरळ रचता येत नाहीत. पण जपान्यांच्या टाइप ९६ मशीनगनलाही वर वाकडं मॅगझिन आहे, तिच्या नळीवर गोल गोल चकत्या असतात, त्या बघा. जपानी शिपायाच्या अरिसाका रायफलीला बोल्टवर सरकणारं पत्र्याचं झाकण असतं. आणि आझाद हिंद सेनेच्या जवानाकडे .३०३ दिसली तर लगेच चूक म्हणू नका, फेब्रुवारी १९४२ मधे सिंगापूर पडल्यावर इंग्रजांची हत्यारं जपान्यांच्या हाती लागली होती आणि त्यातलीच या सेनेला मिळाली.

१९६२ मधे आपल्या जवानाच्या हातात .३०३ बोल्ट, एसएलआर, म्हणजे आपोआप भरली जाणारी सेल्फ-लोडिंग रायफल, त्यानंतरची. १९६५ मधे पाकिस्तानी शिपायाकडे अमेरिकन गॅरंड रायफल, आठवी गोळी संपली की क्लिप टण्णकन उडते. १९७१ ला एसएलआर, २० गोळ्यांचं सरळसं मॅगझिन. आणि १९७१ च्या पिक्चरमधे आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या मॅगझिनची इन्सास रायफल दिसली तर ती १९९० च्या दशकातली आहे.

पायरी ८ : चूक म्हणण्याआधी

नावांत फसू नका. एनफिल्ड हे इंग्लंडमधलं गाव, तिथे सरकारी कारखाना, म्हणून १८५३ ची पुढून भरायचीही एनफिल्ड, तिलाच मागून उघडायचं झाकण बसवून १८६६ मधे केली ती स्नायडर-एनफिल्ड, आणि बोल्टवाली ली-एनफिल्ड. कोणी "एनफिल्ड होती" म्हणाला तर कुठली ते विचारा. .३०३ हेही खरं तर काडतुसाचं माप आहे, रायफलीचं नाव नाही.

शूटिंगची अडचणही समजून घ्या. पुढून भरायची बंदूक प्रत्येक टेकला अर्धा मिनिट खाते, म्हणून कधी कधी १८५७ साठी स्नायडर देतात, दुरून ती एनफिल्डच वाटते. मागच्या रांगेतल्या लोकांना रबराच्या नाहीतर फायबरच्या देतात, पळताना नळी डुलते त्यावरून कळतं. भाडोत्री हत्यारखान्यात जे असेल ते येतं. पुढच्या रांगेतला, ज्याचा चेहरा दिसतो, त्याच्या हातातली बंदूक मी बघतो आणि त्यावरच मत देतो.

वहीत लिहिताना भाच्याला मी तीन खाने करून दिलेत, जात, नमुना, आणि कुठल्या खुणेवरून. जात नक्की झाली आणि नमुना नाही झाला तर मधला खाना कोरा सोडायचा. त्या जूनच्या पिक्चरचं पान त्याने असं भरलंय, "जात बोल्ट, नमुना आखूड ली-एनफिल्ड, खूण चपटं नाक", आणि खाली पेन्सिलने स्वतःहून जोडलंय, "राणीच्या वेळी ही नव्हती."